धुके की धूर?

नवा खेळ मांडायचा म्हटले की पहिला प्रश्न येतो तो काळाचा आणि ठिकाणाचा. आमच्या टेबलावर या प्रश्नाचे उत्तर तीनदा शोधले गेले आणि तिन्ही वेळा ते एकच निघाले : व्हिक्टोरियन लंडन. धुके, गॅसच्या बत्त्या, फरसबंदीवर वाजणाऱ्या टापा, बंद हवेली, आणि हवेलीत कुठेतरी मेलेले पण गेलेले नाही असे कोणीतरी. तिन्ही वेळा मी ते आनंदाने कबूल केले. आज मला त्या आनंदाविरुद्ध तक्रार करायची आहे. आणि तक्रार करतानाच हेही सांगून टाकतो, की चौथ्या वेळीही मी लंडनच निवडणार आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच माणसे टेबलाभोवती बसतात. एकजण कथानक चालवतो, त्याला गेममास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ते पात्र काय बोलेल, काय करील ते ठरवतात. जिथे निकालाची खात्री नसते तिथे फासे टाकतात. ना वेश, ना रंगमंच, ना प्रेक्षक. टेबलावर कागद, पेन्सिली, फासे आणि चहाचे कप. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला तेव्हापासून हा प्रकार चालू आहे. त्यात भयकथेने लवकरच जागा मिळवली. १९८३ साली ‘रेवनलॉफ्ट’ आले : धुक्याने वेढलेला मुलूख, त्यात किल्ला, किल्ल्यात रक्तपिपासू सरदार. १९८६ साली ‘क्थुल्हू बाय गॅसलाइट’ने खेळाडूंना १८९०च्या दशकातल्या लंडनमध्ये नेले. १९९४ साली ‘मास्क ऑफ द रेड डेथ’ने त्याच दशकाची भुताळी पृथ्वी मांडली. म्हणजे आम्ही काही नवीन वाट काढत नव्हतो. मळलेल्या वाटेनेच चाललो होतो, आणि मळलेल्या वाटेवर माणूस खाली बघत नाही.

काळ आणि ठिकाण निवडणे ही सजावटीची बाब आहे असे बहुतेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. काळ-ठिकाण निवडणे म्हणजे काय गृहीत धरायचे ते निवडणे. व्हिक्टोरियन लंडनमध्ये एखाद्या खेळाडूने लॉर्ड व्हायचे ठरवले तर त्याला कोणी विचारत नाही, की बाबा रे, तू इथे कसा? अफगाण युद्धावरून परतलेला डॉक्टर, स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर, प्रेतात्म्यांशी बोलणारी विधवा, सगळे जन्मतःच तिथले. पण कोणी म्हणाले, ‘मी मुंबईहून आलेली बाई होते’, की लगेच स्पष्टीकरण द्यावे लागते. ती आली कशी, पैसे कोणी दिले, एकटी कशी फिरते, इंग्रजी कुठे शिकली? एकाला अस्तित्व फुकट मिळते, दुसऱ्याला ते अर्ज करून मिळवावे लागते. खेळाचा पहिला फासा पडण्याआधीच हा निकाल लागलेला असतो.

आता आमच्या टेबलावर काय घडले ते. आम्ही बंगळूरला राहतो, मराठीत खेळतो, मधूनमधून कन्नड आणि इंग्रजी येते. तीनेक वर्षांपूर्वी मी एक जुनी इंग्रजी साहसकथा हाती घेतली. लाइमहाउसच्या गोदीत माणसे नाहीशी होत आहेत. तपास केल्यावर कळते की एका गोदामात कालीची पूजा करणारी लस्करांची टोळी आहे. लस्कर म्हणजे आगबोटीवरचे आपल्याकडचे खलाशी. आमची पात्रे अर्थातच लॉर्ड, डॉक्टर, इन्स्पेक्टर आणि एक धाडसी पत्रकार बाई. शेवटच्या रात्री चौघांनी गोदामाला बाहेरून कडी घातली आणि आग लावली. फासा शंभरात दोनवर थांबला, त्याहून चांगले दान सहसा पडत नाही. टाळ्या पडल्या. मी आतल्या किंकाळ्यांचे रसभरीत वर्णन केले. माझे ते वर्णन चांगले जमले होते, हे मला अजून आठवते.

निघताना चपला घालता घालता आमच्यातली एकजण सहज म्हणाली, “माझे पणजोबा बोटीवर होते. दाभोळचे. लंडनलाही जाऊन आले होते म्हणतात. आज आपण त्यांना जाळलं की काय?”

ती हसत म्हणाली, आम्हीही हसलो. पण दार लावून आत आल्यावर मला काही सुचेना. रत्नागिरी जिल्ह्यातली किती तरी मुसलमान कोकणी घरे एकेकाळी आगबोटींच्या डेकवरच्या नोकरीवर चालली. गोव्यातली पोरे त्याच बोटींवर स्वयंपाकघरात आणि जेवणघरात राबली. लंडनच्या गोदीत ही माणसे खरोखर उतरत होती. बोटीवरून काढून टाकलेली, परतीचे भाडे नसलेली माणसे थंडीत रस्त्यावर मरू लागली म्हणून १८५७ साली लाइमहाउसमध्ये त्यांच्यासाठी एक निवारा उघडावा लागला. माझ्या कथेत त्या निवाऱ्याचा उल्लेख नव्हता. होता तो विळखा, विळा आणि काली. ठगांच्या नावाने इंग्लंडात जे काही पसरले त्यात मेडोज टेलरच्या १८३९ सालच्या कादंबरीचा वाटा मोठा. पन्नास वर्षांनंतरच्या लाइमहाउसमध्ये ठग शोधणे म्हणजे कादंबरीच्या सावलीला काठीने मारणे. ते आम्ही केले. चौघे भारतीय खेळाडू आणि पाचवा मी.

यात माझा आणखी एक गुन्हा आहे आणि तो कुठल्याही इंग्रजाच्या माथी मारता येत नाही. खेळ मराठीत चालला होता. लॉर्डच्या मित्रांना मी कोणती मराठी दिली होती? स्वच्छ, सदाशिवपेठी, ‘आपण बसावे’ छापाची. गोदीतल्या हमालाला? ‘काय करनार सायेब’. लस्करांना तर मी धड वाक्यच दिले नव्हते, तुटके हिंदी आणि गुरगुरणे. हे मला कोणी पुस्तकात लिहून दिले नव्हते. आपल्या नाटक-सिनेमांनी आणि आपल्या शाळांनी माझ्या जिभेवर आधीच ठेवलेले होते. साहेबाची उतरंड मी आणली आणि तिच्यावर आमची घरची उतरंड अलगद बसली. एक टाकाही घालावा लागला नाही. इतर भाषांत खेळणाऱ्या मित्रांनी आपापल्या टेबलावर हे तपासून पाहावे. बंगालीत, तमिळमध्ये, हिंदीत खलनायकाचा नोकर कुठल्या जिल्ह्याची बोली बोलतो?

या प्रसंगानंतर मी मित्रमंडळींत वाद घालू लागलो आणि मला तीन प्रकारची उत्तरे मिळाली. तिन्हींचा समाचार घेतो.

पहिले उत्तर : “अरे, खेळ आहे तो. आठवडाभर ऑफिसात मरायचं, रविवारी दोन घटका मजा करायची, त्यात तू इतिहास काढतोस.” मजेला माझा विरोध नाही. पण गंमत अशी, की इतिहास मी काढलेला नाही. खेळाडूंनीच तो मागितला होता. धुके हवे, गॅसबत्ती हवी, टोपी हवी, चांदीचा पेला हवा, रांगेने उभे नोकर हवेत. याला इतिहास नाही तर काय म्हणायचे? त्यांना इतिहास हवा आहे, फक्त त्याचे बिल नको आहे. साधे धुक्याचे उदाहरण घ्या. लंडनचे ते प्रसिद्ध पिवळट धुके निसर्गाची देणगी नव्हती. लाखो घरांच्या चुलींचा आणि कारखान्यांचा कोळशाचा धूर त्यात मिसळलेला होता, आणि त्याने माणसे खोकून मरत. ज्याला आपण वातावरण म्हणून वापरतो ते कोणाच्या तरी फुप्फुसात जमले होते. इतकेही ज्याला ऐकायचे नाही त्याला भयकथा हवी आहे, यावर माझा विश्वास नाही. त्याला पडदे हवे आहेत.

दुसरे उत्तर अधिक आदराने ऐकण्यासारखे : “आपल्याकडे काय कमी आहे? मुंजा आहे, हडळ आहे, वेताळ आहे, कोकणातला अख्खा पाऊस आहे. नारायण धारपांनी आपल्या वाड्यांत, आपल्या गावांत भय उभे करून दाखवले. मग साहेबाची हवेली कशाला?” जरूर खेळावे, मीही खेळलो आहे. पण ठिकाण बदलल्याने सवय बदलते हा भ्रम आहे. पेशवाईतल्या वाड्यात खेळ मांडा. मुंजा पिंपळावर असेल, तळघरात पुरलेले धन असेल. पण मागच्या दाराने येऊन परसातली घाण उचलून नेणारा माणूस त्या खेळात पात्र असेल का? की तोही मला गुरगुरणाराच सुचेल? ज्याने लंडनमध्ये कोणाचे अस्तित्व फुकटचे हे विचारले नाही तो पुण्यातही विचारणार नाही. उलट पुण्यात तर तो अधिक निर्धास्त असेल, कारण तिथे सगळे ‘आपलेच’ आहे.

आणि एक गोष्ट स्पष्ट करतो. लंडन परके आहे हे मला मान्यच नाही. ज्या वाड्याच्या विटांना आपल्या घरातून माती गेली तो वाडा आपल्याला परका कसा? तिथे जायचा हक्क आपल्याला आहे, फक्त पाहुणा म्हणून जाऊ नये. वसुलीला आलेल्या माणसासारखे जावे.

तिसरे उत्तर साहित्याच्या अभ्यासकांचे : “असे केलेस तर भयकथेचा धडा होईल. साहेब वाईट, आपण चांगले, संपली गोष्ट.” हा आक्षेप सर्वात गंभीर आहे, म्हणून त्याला उत्तर गॉथिकच्या आतूनच देतो.

गॉथिक म्हणजे काय? घराने एक गुन्हा दडवलेला असतो आणि तो गुन्हा घरातच परत येतो. बाकी सगळे फर्निचर आहे. ही गोष्ट व्हिक्टोरियन लेखकांना पुरती ठाऊक होती, आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त. विल्की कॉलिन्सचे ‘द मूनस्टोन’ १८६८ सालचे. इंग्लंडातल्या एका सभ्य घरात वाढदिवसाच्या भेटीतून हिरा येतो आणि घराची झोप उडते. हिरा आला कुठून? १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले तेव्हाच्या लुटीतून. कादंबरीची सुरुवातच त्या लुटीने होते. हिऱ्यामागे आलेले तीन ब्राह्मण आधी संशयित वाटतात, पण घरातली चोरी घरातल्याच माणसाने केलेली असते, आणि शेवटी हिरा मूर्तीकडे परत जातो. एका इंग्रज लेखकाने दीडशे वर्षांपूर्वी हे लिहिले आणि आम्ही मात्र एकविसाव्या शतकात बंगळूरला बसून गोदाम पेटवले. श्रीरंगपट्टण आमच्यापासून तीन तासांच्या अंतरावर आहे!

आता १८९० सालचे डॉयलचे ‘द साइन ऑफ फोर’ घ्या. सत्तावन्नच्या धामधुमीत आग्र्याला व्यापाऱ्याच्या वेशातल्या एका माणसाचा खून होतो, त्याच्याजवळचा खजिना हातोहात फिरतो, इंग्लंडात पोचतो आणि शेवटी टेम्स नदीत फेकला जातो. वाचणाऱ्याला हळहळ वाटते ती मॉर्स्टन बाईंचा वाटा बुडाला याची. मूळ मालकाचे काय, हा प्रश्न उरतच नाही. दरम्यान अंदमानचा टोंगा नरभक्षक म्हणून रंगवला जातो. धनुष्यबाण वापरणाऱ्या लोकांतल्या या माणसाच्या हाती फुंकनळी दिली जाते, आणि बोटीच्या पाठलागात तो गोळी लागून मरतो. दोन्ही पुस्तके हाताशी आहेत. आमच्या गोदामाच्या गोष्टीने यांपैकी कोणाचा वारसा घेतला हे सांगायला नको.

आणि ‘ड्रॅक्युला’. तो मे १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वेकडून एक रक्तपिपासू बोटीतून येतो, सोबत उंदीर आणि रोग घेऊन, आणि लंडनच्या सज्जन बायका त्याच्या संसर्गाने बिघडू लागतात. आपण राज्य करतो तिकडचे कोणी इकडे येऊन आपल्यावर राज्य केले तर, ही ती भीती, असे समीक्षकांनी कधीच म्हणून ठेवले आहे. मला त्यातला दुसराच भाग झोपू देत नाही. आपल्या किल्ल्यात हा काउंट काय करत असतो? इंग्रजी पुस्तके, वेळापत्रके, याद्या घेऊन इंग्रजी शिकत असतो. हार्करला विनवतो की माझे उच्चार चुकले तर सांग. इथे मी सरदार आहे, तिथे गेल्यावर तोंड उघडले की लोक मला परका म्हणून ओळखतील, ते मला नको आहे. मराठी शाळेतून शहरात आलेल्या कोणीही हा उतारा वाचावा आणि छातीवर हात ठेवून सांगावे की त्याने ड्रॅक्युलाला ओळखले नाही! शेवटी त्याचा गळा कापला जातो तो कुकरीने. गोरखा पलटणीचे हत्यार, इंग्रज वकिलाच्या हातात. स्टोकरने हे ठरवून केले की नाही मला ठाऊक नाही, त्याची गरजही नाही. साम्राज्य हे हत्यार घराघरांत ठेवून होते.

रक्ताचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. १८७५ साली भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरीने एका सरकारी टिपणात लिहिले, की हिंदुस्थानचे रक्त काढायचेच आहे तर सुरी तिथे चालवावी जिथे रक्त साचलेले आहे. आधीच अशक्त झालेल्या शेतकऱ्याच्या अंगावर नको. दादाभाई नौरोजींनी ही कबुली पुढे पुन्हा पुन्हा साहेबांच्याच तोंडावर मारली. त्याच सॅलिसबरीने १८८८ साली दादाभाईंना ‘काळा माणूस’ म्हणून हिणवले. १८९२ साली फिन्सबरीच्या मतदारांनी दादाभाईंना पाच मतांनी पार्लमेंटात पाठवले. आणि ‘ड्रॅक्युला’ दुकानात आला तेव्हा इंग्लंडचा पंतप्रधान कोण होता? सॅलिसबरीच. रक्त काढण्याचा हिशेब मांडणारा माणूस डाउनिंग स्ट्रीटवर, आणि लोक घाबरत होते ते ट्रान्सिल्व्हेनियाच्या काउंटला. असा मसाला हाताशी असताना ज्याला कालीचे बनावट देऊळ लागते तो गेममास्टर आळशी आहे. मी आळशी होतो.

म्हणून आता निवडायचे कसे, याबद्दल माझे तीन नियम.

पहिला : ‘व्हिक्टोरियन काळ’ निवडू नका, साल निवडा. राणीने १८३७ ते १९०१ राज्य केले. त्रेसष्ट वर्षांहून अधिक. त्यात टपालाच्या घोडागाडीपासून जमिनीखालच्या विजेच्या रेल्वेपर्यंत सगळे येते. ‘काळ’ म्हटले की धुके मिळते. साल म्हटले की कॅलेंडर मिळते, आणि कॅलेंडरात एकाच पानावर दोन गोष्टी दिसतात. १८९७ घ्या. २२ जूनला लंडनमध्ये राणीच्या हीरक महोत्सवाची मिरवणूक. त्याच दिवशी रात्री पुण्यात, त्याच महोत्सवाच्या मेजवानीवरून परतताना, प्लेग अधिकारी रँडवर चापेकरांची गोळी. आदल्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला होता. उंदरांबरोबर बोटीने येणाऱ्या मरणाची कादंबरी लंडनमध्ये आणि खरे मरण इथे, घराघरांत शिरणाऱ्या सोजिरांसकट. हे मी जुळवलेले नाही. सालच तसे आहे.

दुसरा : कोण राहू शकते ते आधी तपासा, मग कोण घाबरते ते ठरवा. १८८९ सालापासून डॉ. रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकत होत्या. नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा या हुकुमाला ‘तुरुंग चालेल’ म्हणणारी ही बाई. ऑल्डगेटला आयांचे वसतिगृह होते, गोऱ्या कुटुंबांनी पोरे सांभाळायला बोटीवर घेतलेल्या आणि लंडनला उतरल्यावर सोडून दिलेल्या बायकांसाठी. मुंबईहून आलेल्या बाईला मी स्पष्टीकरण मागत होतो तेव्हा ती तिथे आधीच हजर होती.

तिसरा : गुन्हा घराचाच असू द्या, आणि घराने कोणाकोणाला खाल्ले त्याची यादी पुरी करा. त्यात फक्त आपण नाही. १८३२च्या कायद्याने गरीबखान्यात मेलेल्या, दावा सांगायला कोणी नसलेल्या माणसाचे प्रेत चिरफाडीसाठी देता येत असे. लंडनच्या गरिबाला भुताची भीती नव्हती, बेवारस मरण्याची होती. १८८८ साली आगपेट्यांच्या कारखान्यातल्या पोरींनी संप केला, फॉस्फरसने ज्यांच्या सोबतिणींचे जबडे सडत होते. ही यादी लिहिली की ‘साहेब वाईट, आपण चांगले’ हे बाळबोध गणित आपोआप मोडते.

या नियमांनी आम्ही दुसरा खेळ मांडला. साल १८९१. पात्रे चार : मुंबईहून आलेली वैद्यकीची विद्यार्थिनी, ऑल्डगेटची एक आया, आगपेटीच्या कारखान्यातून निघालेली आयरिश पोरगी, आणि लाइमहाउसच्या निवाऱ्यात बोटीची वाट पाहणारा दाभोळचा खलाशी. तो कोणी घेतला हे सांगायला नको. तो आपल्या घरची बोली बोलला, आणि ती बोलणारी व्यक्ती ती बोली जाणत होती म्हणून ती नक्कल वाटली नाही. केन्सिंग्टनच्या एका हवेलीत रात्री आवाज येतात. घरमालक निवृत्त अधिकारी, त्याला झोप नाही. गोरे डॉक्टर थकले, म्हणून कमी पैशांत काम करणाऱ्या माणसांना बोलावणे येते. आवाज किंकाळीचा नाही. आवाज तराजूचा आहे. पारडे खाली येते, वर जाते, कोणीतरी काही ओतते, मग पाऊल पुढे सरकते आणि पुन्हा पारडे. रात्रभर. न संपणारी रांग.

घरमालक १८७७ साली बळ्ळारीकडे दुष्काळी कामांवर होता. ते पात्र माझे काल्पनिक, दुष्काळ खरा. त्या वर्षी एक जानेवारीला दिल्लीत लिटनने राणीला सम्राज्ञी जाहीर करणारा दरबार भरवला. त्याच महिन्यात रिचर्ड टेंपलने मद्रास इलाख्यात दुष्काळी मजुराची रोजी खाली आणली : दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे. तेवढ्यावर माणूस जगत नाही, असे सरकारचेच आरोग्य अधिकारी सांगत होते. त्या दुष्काळातल्या मृत्यूंचे अंदाज पन्नास लाखांच्या पुढे सुरू होतात.

आमच्या टेबलावर त्या रात्री कोणी फोन पाहिला नाही. आयेच्या पात्राने अंधारात हात पुढे केला आणि तिच्या ओंजळीत काहीतरी मोजून पडले, तेव्हा खरोखर कोणीतरी दिवा लावायला उठले. मजा मेली, असे ज्यांचे म्हणणे होते त्यांना मी एवढेच सांगेन, की गोदामाच्या रात्री आम्ही हसलो होतो आणि या रात्री घाबरलो. भयकथा कोणती झाली ते तुम्ही ठरवा.

शेवटी त्यांच्यासमोर दोन वाटा होत्या. पाद्र्याला बोलावून घर शांत करायचे आणि ठरलेली रक्कम घ्यायची. किंवा घरमालकाच्या कपाटातल्या वह्या उघडून त्यातला हिशेब वर्तमानपत्रात द्यायचा आणि एक पैसा न घेता बाहेर पडायचे. मला खात्री होती की सगळे दुसरी वाट घेतील. खलाशी आणि आगपेटीवाली पोरगी त्याच बाजूला होती. पण विद्यार्थिनीचे पात्र खेळणारी मैत्रीण म्हणाली, “माझी फी भरायची आहे. मी डॉक्टर होऊन परत गेले तर शंभर बायका वाचतील. पैसे कुठून आले ते मला माहीत आहे, तरी मी घेते.” आया तिच्या बाजूने गेली. तिला परतीचे तिकीट हवे होते. दोन विरुद्ध दोन. तासभर वाद झाला, आवाज चढले, शेजाऱ्यांनी भिंत वाजवली. फासे टाकावेत असे मी सुचवले तेव्हा चौघांनीही मला एकदम गप्प केले. हे फाशावर सोडायचे नाही म्हणाले.

निकाल काय लागला ते इथे सांगत नाही, तो त्यांचा आहे. पण त्या तासाभरात मला कळले की आम्ही लंडन का निवडतो. आम्ही ज्या ऑफिसात काम करतो, ज्या भाषेत अर्ज लिहितो, ज्या पदव्यांवर पोट भरतो, त्या सगळ्याचा एक पाय त्या हवेलीत आहे. तराजूचा आवाज ऐकत, पगार घेत आम्ही तिथेच राहतो आहोत. म्हणूनच ती हवेली सोडून मुंजाच्या पिंपळाखाली पळून जाणे मला मंजूर नाही, आणि तिच्यात पाहुण्यासारखे चांदीचे पेले न्याहाळणे तर त्याहून नाही.

पुढच्या रविवारी नवा खेळ सुरू होतो आहे. साल ठरले आहे, १८९७. एक नवीन मुलगा येतो आहे, उत्साही आहे. त्याने फोनवर विचारले, “सर, धुकं असेल ना?”

असेल, म्हटले. पण येताना एवढे वाचून ये, की ते कशाचे असते.